रीबॉन्डिंगच्या सरळ केसांतून सैल लाटांकडे: काय होऊ शकतं, काय नाही, आणि ते कसं करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. केस मुळात कुरळे आणि दाट. गेली सहा वर्षं दर आठ-नऊ महिन्यांनी रीबॉन्डिंग, लांबी कमरेपर्यंत. आता पट्टीसारखे सरळ केस नको झालेत, पण पूर्ण कुरळे केस सांभाळायची तयारीही नाही. निम्मं वळण राहावं अशी इच्छा आहे. शेवटचं रीबॉन्डिंग जूनमध्ये झालं, आता ऑक्टोबर आहे, फेब्रुवारीत भावाचं लग्न आहे. कोथरूडमधल्या एका पार्लरने सुचवलंय की सगळ्या केसांवर एकदा "हलकं स्मूदनिंग" करू, म्हणजे लाटा येतील.

हा सल्ला घेऊ नका. रीबॉन्डिंग झालेल्या केसावर पुन्हा तेच क्रीम लावून, ते कितीही सौम्य असलं तरी, गेलेलं वळण परत येत नाही. निम्मं वळण मिळेल ते मुळातून येणाऱ्या नव्या केसातच, तेच क्रीम फक्त त्याला, कमी वेळ आणि प्रेस न करता लावून. जुन्या लांबीसाठी आता एकच काम उरतं: ती कापली जाईपर्यंत तिला मोडू न देणं.

याचं कारण समजून घेतलंत तर पुढचे निर्णय सोपे जातील. केसाचा आकार केराटिन या त्याच्या प्रथिनातल्या डायसल्फाइड, म्हणजे गंधकाच्या बंधांवर टिकतो. रीबॉन्डिंगच्या पहिल्या क्रीममधलं थायोग्लायकोलेट हे बंध तोडतं आणि केस मऊ पडतो. प्रेसिंगच्या मशीनने तो सरळ ताणला जातो, आणि दुसरं क्रीम, म्हणजे न्यूट्रलायझर, त्याच सरळ अवस्थेत बंध पुन्हा जोडतं. तुटलेले सगळे बंध जुळत नाहीत, प्रत्येक वेळी काही कायमचे जातात. सहा वर्षांत दर वेळी क्रीम फक्त मुळांनाच लागलं असेल असं गृहीत धरू नका. तुमच्या टोकांवरून ते कदाचित सात-आठ वेळा गेलंय. असा केस पुन्हा मऊ करून सोडला तर तो सरळच सुकतो, फक्त आधीपेक्षा कमजोर होऊन. त्याला रोलर लावून डिजिटल पर्म, म्हणजे क्रीम आणि उष्णतेने कायमचं वळण, करायचा सल्लाही अधूनमधून दिला जातो. ओल्या केसाचं रबर होणं आणि हातात तुकडे येणं, हा त्याचा नेहमीचा शेवट आहे.

आधी एक खात्री करून घ्या, कारण नावांवरून काही कळत नाही. पार्लरमध्ये स्मूदनिंग आणि रीबॉन्डिंग अशी दोन नावं असली तरी रसायन एकाच जातीचं असतं. फरक क्रीमच्या ताकदीचा आणि प्रेसिंग किती कडक केलं याचा. केराटिन, केसांचं बोटॉक्स, नॅनोप्लास्टिया या नावांनी होणारे उपचार हे वेगळे प्रकार. ओळखायची सोपी खूण म्हणजे टप्पे आठवा. क्रीम लावलं, धुतलं, वाळवून प्रेस केलं आणि मग दुसरं क्रीम लावून पुन्हा धुतलं, असं झालं असेल तर बंध बदललेत आणि तो भाग कायमचा सरळ आहे. एकच द्रव लावून वर प्रेस केलं असेल, दुसरं क्रीम आलंच नसेल, तर तो बहुधा केराटिनचा प्रकार, आणि तो काही महिन्यांत धुण्याने उतरत जातो. मात्र मधल्या काळाचा "सौम्य उपाय" म्हणून केराटिनकडे वळू नका. त्यातल्या काही द्रवांतून प्रेसिंगच्या उष्णतेने फॉर्मल्डिहाइड बाहेर पडतो. "फॉर्मल्डिहाइड-मुक्त" म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेकांत ग्लायऑक्झिलिक ॲसिड असतं, आणि त्यानंतर मूत्रपिंडाला अचानक इजा झाल्याच्या केसेस वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या गेल्या आहेत.

पुण्यात आफ्रिकी देशांतून शिकायला आलेल्या विद्यार्थिनी बऱ्याच आहेत, त्यांना हाच प्रश्न पडत असेल तर एक भेद फार महत्त्वाचा आहे. त्यांच्याकडे वापरलं जाणारं रिलॅक्सर, म्हणजे केस सरळ करायचं क्रीम, बहुधा हायड्रॉक्साइडचं असतं: सोडियम हायड्रॉक्साइड, किंवा दोन भाग मिसळून तयार होणारं ग्वानिडीनचं. त्याचा पीएच 12 ते 14 असतो, थायोच्या, म्हणजे वर सांगितलेल्या थायोग्लायकोलेटच्या, क्रीमचा साधारण 9 ते 9.5. हायड्रॉक्साइड डायसल्फाइड बंधातला गंधकाचा एक अणू काढून टाकतं आणि त्या जागी नवा बंध तयार होतो, जो न्यूट्रलायझरने परत फिरत नाही. अशा केसावर आपल्याकडचं थायोचं स्मूदनिंग लावलं, किंवा थायोच्या केसावर हायड्रॉक्साइड लावलं, तर केस तिथल्या तिथे तुटू शकतो. इथल्या बहुतेक पार्लरचा हात थायोवर बसलेला आहे, त्यामुळे आधी काय लावलं होतं ते बाईंनी विचारलं नाही तर आपण सांगायचं. निम्मं सरळ ठेवायचं तत्त्व दोन्हींत सारखंच: फक्त नवी वाढ, कमी वेळ, ताण न देता. काहीजणी रिलॅक्सरमध्ये तेल किंवा कंडिशनर मिसळून त्याचा जोर कमी करतात. माझं मत त्याच्या विरोधात आहे. मिश्रण सगळीकडे सारखं होत नाही, आणि पुढच्या वेळी तेच प्रमाण पुन्हा साधेल याची खात्री नसते. वेळ मात्र घड्याळावर मोजता येते.

आता तुमच्या केसांकडे येऊ.

केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतात. म्हणजे आज तुमच्याकडे पाचेक सेंटीमीटर नवी वाढ आहे. वळणाचा एक पूर्ण वेढा दिसायलाच तेवढी लांबी लागते: वेढ्याचा व्यास दीड सेंटीमीटर असेल तर त्याला पावणेपाच सेंटीमीटर केस लागतो. म्हणून चार महिन्यांच्या वाढीकडे बघून "माझे केस नुसते पिंजारतात, वळण नाहीच" असं ठरवू नका. सात-आठ सेंटीमीटर होईपर्यंत थांबा. लग्न फेब्रुवारीत आहे हे बरंच आहे. लग्नाआधी कुठलंच रसायन नको. मार्चपर्यंत दहा सेंटीमीटरच्या आसपास वाढ असेल, आणि तेव्हा काय करायचं आणि करायचं की नाही, दोन्ही नीट ठरेल. करायचं की नाही हे मुद्दाम म्हणते आहे. सहा वर्षांपूर्वी जे केस सांभाळणं अशक्य वाटत होतं ते त्या वेळच्या कडक शांपूने आणि कोरडे विंचरल्याने तसे झालेले असू शकतात. सौम्य शांपू, भरपूर कंडिशनर आणि ओल्यातच गुंता काढायची सवय या तीन गोष्टींवर तुमचं मूळ वळण किती सैल बसतं ते या महिन्यांत बघा. काहींना रसायनाची गरजच उरत नाही.

कमरेपर्यंतची लांबी अंदाजे 75 सेंटीमीटर धरली तर एकही इंच न कापता सगळी सरळ लांबी बाहेर पडायला पाच वर्षं लागतील. खांद्यापर्यंत, म्हणजे 30 सेंटीमीटरवर आणलेत तर दोन वर्षं. घरी आई-आजींना हे रुचणार नाही, पण केस कापल्याशिवाय हे काम होत नाही. एकदम नको असेल तर लग्न झाल्यावर पाठीच्या मध्यापर्यंत या, नंतर दर दहा-बारा आठवड्यांनी चार-पाच सेंटीमीटर कमी करत जा. कट एकसारखा सरळ रेषेत घेऊ नका. लांब लेयर घ्या, म्हणजे नव्या-जुन्याची सीमा एका ओळीत दिसत नाही. आणि मुख्य कट रसायनाच्या आधी घ्या. खालच्या लांबीच्या वजनाने मुळाजवळचं वळण ओढलेलं असतं. वजन गेलं की ते वर उडतं. आधी क्रीम आणि मग मोठा कट, असा क्रम केला तर जे वळण ठरवलं होतं त्यापेक्षा घट्ट निघतं.

सीमेची काळजी

नवा कुरळा आणि जुना सरळ केस जिथे मिळतात ती रेषा हा या सगळ्या काळातला सर्वांत नाजूक भाग. वर मजबूत, वळलेला केस आणि खाली पातळ झालेला सरळ केस. विंचरताना ओढ बसली की ती नेमकी त्या सांध्यावर येते. मोडतोय की नुसता गळतोय हे कंगव्यातल्या केसावरून ओळखा. एका टोकाला बारीक पांढरी गाठ असेल तर तो मुळातून आलेला, दिवसाला पन्नास ते शंभर असे जाणं नेहमीचं आहे. गाठ नसलेले तुकडे येत असतील तर मोडतोय, आणि टाळूपासून सीमेपर्यंत जेवढी वाढ आहे तेवढ्याच लांबीची आखूड टोकं डोक्यावर उभी दिसू लागली तर नेमका सांध्यावर मोडतोय.

गुंता कोरड्यात काढू नका. धुताना कंडिशनर लावल्यावर केस सहा भागांत क्लिपने वेगळे करा, मोठ्या दातांचा कंगवा घ्या आणि टोकांपासून वर या. सांध्याच्या वरच्या बाजूला मुठीत केस घट्ट धरा आणि मगच खालचा भाग विंचरा, म्हणजे ओढ तुमच्या हातावर येते. नव्या भागात कंगव्यापेक्षा बोटं बरी.

धुण्याआधी दोन-तीन तास खोबरेल लावायची आपली पद्धत इथे खरोखर उपयोगी आहे. खोबरेल केसाच्या आत शिरतं, त्यामुळे धुताना केस कमी फुगतो आणि त्यातलं प्रथिन कमी जातं. पण ते मुख्यतः जुन्या लांबीला आणि सांध्याला लावा, टाळूला थापण्यात काही हशील नाही. महिन्यातून एकदा ओल्या केसाची ताण परीक्षा करा. एक केस दोन्ही हातांत धरून हलकेच ओढा. थोडा ताणून परत जागेवर आला तर ठीक. ताणत जातोय आणि परत येत नाही, शिजलेल्या शेवईसारखा लागतो, तर प्रथिनाचा मास्क हवा. न ताणताच पटकन तुटला तर प्रथिन बंद आणि नुसतं मॉइश्चर. दोन्ही मास्क एकदम लावून काही साधत नाही.

प्रेसिंगच्या मशीनने रोज मुळं सरळ करून जुन्याशी जुळवण्याचा मोह होईल. त्याने नवं वळणही उष्णतेने मरतं आणि वाट पाहण्याचा उपयोग संपतो. उलट बाजूने जुळवा: सरळ लांबीला तात्पुरत्या लाटा द्या. धुतल्यावर केस ऐंशी टक्के वाळले की लीव्ह-इन क्रीम आणि थोडं जेल लावून चार सैल तिपेडी वेण्या घाला, टोकं स्पंजच्या रोलरवर गुंडाळा, कारण सरळ टोकं वेणीत नुसती घसरतात. सकाळी पूर्ण कोरडे झाल्यावरच सोडा. थोडा ओलसरपणा राहिला तर दहा वाजेपर्यंत टोकं पुन्हा सरळ.

पुण्यापुरत्या तीन गोष्टी इथे सांगायला हव्यात. पाणी: महापालिकेचं धरणाचं पाणी तसं मऊ असतं, पण वाघोली, उंड्री, बाणेर-बालेवाडीकडच्या अनेक सोसायट्यांत बोअरवेल किंवा टँकरचं पाणी येतं आणि ते जड असू शकतं. कॅल्शियमचा थर बसला की केस खरखरीत होतो आणि क्रीम सगळीकडे सारखं मुरत नाही. टीडीएस मीटरवरून हे ठरवू नका, तो सगळे विरघळलेले क्षार मोजतो, कठीणपणा नाही; हार्डनेसची पट्टी स्वस्तात मिळते, तिने बघा. पाणी जड निघालं तर तीन-चार आठवड्यांतून एकदा ईडीटीए असलेला चेलेटिंग शांपू, म्हणजे क्षारांचा थर काढणारा, वापरा. दुसरं हेल्मेट: ओल्या केसावर हेल्मेट घातलं तर माथ्यावरचं वळण दाबून वाळतं आणि कडेला फुगतं, म्हणून घरातूनच वाळवून निघा आणि आत सॅटिनची टोपी घाला. तिसरा तो तोंडाला गुंडाळायचा सुती स्कार्फ. कपाळाजवळची नवी वाढ त्याच्या घर्षणाने आधी तुटते. स्कार्फ राहू द्या, पण केसांच्या बाजूने सॅटिनचा तुकडा शिवून घ्या.

लग्नात अंबाडा किंवा खोपा घाला आणि वर गजरा, दोन पोतांचा फरक त्यात सहज झाकला जातो. मेकअप करणाऱ्या ताईंना दोन गोष्टी आधीच सांगून ठेवा: सांध्यावर टाँग (केस कुरळे करायचं गरम यंत्र) नको आणि माथ्यावर उलटं विंचरून फुगवणं नको. तिथला फुगवटा कुरळ्या मुळांमुळे आपोआप येतो.

बटेची चाचणी

मार्चमध्ये, कट झाल्यावर, ही चाचणी करा. पार्लर चाचणीला तयार नसेल तर ते पार्लर या कामाचं नाही.

आधी मोजमाप. नव्या वाढीची एक बट घ्या, खालच्या जुन्या केसांचं वजन दुसऱ्या हाताने उचलून धरा म्हणजे बट सैल होईल, आणि टाळूपासून सांध्यापर्यंत अंतर पट्टीने मोजा. मग तीच बट ताणून मोजा. ताणून 10 सेंटीमीटर आणि सैल 6 असेल तर केस चाळीस टक्के आक्रसतोय. निम्म्या वळणासाठी हा आकडा वीसच्या आसपास आणायचा, म्हणजे सैल लांबी 8 सेंटीमीटर. "थोडं सैल, थोडं वेव्ही" अशा शब्दांत प्रत्येकाच्या डोक्यात वेगळं चित्र असतं. आकड्यात ते राहत नाही. हे मोजमाप चार जागी घ्या: मानेजवळ, माथ्यावर, कानाच्या वर, कपाळाजवळ. चारही सारखे निघत नाहीत. कपाळाजवळचे केस बारीक असतात आणि रसायन लवकर पितात. माथा आणि मान हट्टी.

मग मानेजवळ आणि माथ्यावर पेन्सिलएवढ्या जाडीच्या दोन-दोन बटा. एकीला 8 मिनिटं, दुसरीला 12. क्रीम रंगवलेल्या किंवा संवेदनशील केसांसाठी असतं ते सर्वांत सौम्य घ्या, "रेझिस्टंट" लिहिलेलं नाही. धुवा, न ओढता टिपून घ्या, न्यूट्रलायझर पूर्ण वेळ ठेवा, वाळू द्या. त्या दिवशी निकाल बघू नका. दोन वेळा केस धुऊन होऊ द्या आणि मग मोजा. ओला केस नेहमी जास्त सरळ दिसतो, आणि मार्चच्या कोरड्या हवेत जो केस शांत बसतो तो जुलैत फुगतो. गरम पाण्याच्या वाफेत न्हाणीघरात दहा मिनिटं उभं राहून बघितलंत तर पावसाळ्याचा अंदाज येतो. चाचणी झालेल्या बटा लक्षात ठेवा, मुख्य दिवशी त्या फॉइलमध्ये बांधून बाजूला ठेवायच्या आहेत.

मेहंदी लावत असाल तर आणखी एक चाचणी. काळ्या मेहंदीच्या काही पुड्यांत धातूंचे क्षार असतात आणि न्यूट्रलायझरमधल्या पेरॉक्साइडशी त्यांची प्रतिक्रिया होऊन केस तापतो, जळतो. 20 व्हॉल्यूमचा 30 मिली पेरॉक्साइड आणि 28 टक्क्यांच्या अमोनियाचे 20 थेंब काचेच्या वाटीत घेऊन त्यात गळालेले वीसेक केस अर्धा तास बुडवा. बुडबुडे, ऊब किंवा उग्र वास आला तर तो भाग कापला जाईपर्यंत कुठलंही काम करू नये. हे पार्लरमध्ये, उघड्या खिडकीजवळ करायचं. शुद्ध मेहंदीने असं होत नाही, पण तिच्या थरामुळे क्रीम ठिपक्याठिपक्याने मुरतं. ब्लीच किंवा हायलाइट केलेल्या केसावर, टाळूला जखम किंवा खाज असताना आणि गरोदरपणात हे काम करूच नये.

मुख्य दिवस

पूर्ण रीबॉन्डिंगमध्ये एक सोय असते: क्रीम आधी लागलेल्या आणि नंतर लागलेल्या भागांत पाच-दहा मिनिटांचा फरक पडला तरी शेवटी सगळे केस सरळच होणार असतात. निम्म्या कामात तो फरक डोक्यावर दिसतो. चाचणीत 10 मिनिटं ठरली आणि क्रीम लावायलाच 20 मिनिटं गेली, तर पहिल्या भागाला 30 मिनिटं मिळाली. मागे पट्टीसारखे आणि पुढे कुरळे, ही या कामातली सगळ्यात जास्त दिसणारी चूक इथून येते. उपाय दोन. दोन जणींनी दोन बाजूंनी लावून सात-आठ मिनिटांत संपवायचं. नाहीतर डोकं दोन भागांत करायचं: मागचा अर्धा लावा, धुवा, न्यूट्रलायझ करा, आणि मग पुढचा. वेळ दुप्पट जातो, पण एकटीच बाई काम करणार असेल तर हाच मार्ग. धुतानाही ज्या क्रमाने लावलं त्याच क्रमाने धुवा.

जुनी लांबी आधीच कंडिशनरमध्ये भिजवून, सीमेच्या अर्धा सेंटीमीटर खालपासून फॉइल किंवा क्लिंग फिल्ममध्ये गुंडाळा. टाळूपासून एक सेंटीमीटर सोडून, एकेक सेंटीमीटरचे पातळ भांग पाडत, ब्रशने क्रीम लावा. मान आणि माथा आधी, कानशिलं मग, कपाळ सर्वांत शेवटी. बारीक कंगव्याने क्रीम पसरवू नका, केस पुठ्ठ्यावर किंवा पाठीवर ताणून चिकटवू नका. ताणलं की मऊ झालेला केस सरळ व्हायला लागतो, मग वेळ कितीही कमी ठेवा.

चाचणीत ठरलेल्या वेळेच्या तीन मिनिटं आधीपासून बघत राहा. एका बटेवरचं क्रीम टिश्यूने पुसा, बट खालून बोटाने हलकेच वर ढकला आणि वळण कितपत पडतं ते बघा. हवं त्यापेक्षा किंचित घट्ट दिसत असतानाच थांबा, कारण धुऊन होईपर्यंत काम थोडं पुढे जातंच. तापमानही लक्षात घ्या. मे महिन्यातल्या दुपारी जे 9 मिनिटांत होतं त्याला डिसेंबरच्या सकाळी 12 लागू शकतात. एसी लावून दर वेळी साधारण एकच तापमान ठेवता आलं तर उत्तम.

कोमट पाण्याने निदान पाच मिनिटं धुवा. फॉइल काढल्यावर विरघळलेलं क्रीम जुन्या लांबीवरून वाहणार आहे, आधी लावलेलं कंडिशनर त्यासाठीच होतं. टॉवेलने चोळू नका, दाबून पाणी काढा. आणि आता प्रेसिंग नाही. हाच टप्पा पार्लरमध्ये हमखास घसरतो, कारण हाताला सवय प्रेस करायची असते, आणि "एक हात फिरवते फक्त, नीट दिसेल" असं म्हटलं जातं. एका हाताने सगळं निम्मं वळण जातं, कारण या वेळी केस ज्या आकारात असेल त्यातच न्यूट्रलायझर त्याला कायमचा बांधतो. बोटांनी बटा सैल करा, डिफ्यूजरने कमी उष्णतेवर थोडं पाणी कमी करा, केस मोकळे लोंबू द्या. क्लिप लावू नका, क्लिपची खाचही कायमची बसते.

न्यूट्रलायझर पाकिटावर लिहिलेला पूर्ण वेळ, साधारण 10 मिनिटं, आणि भरपूर. क्रीम कमी वेळ ठेवलं म्हणून न्यूट्रलायझरही कमी ठेवणं ही गफलत बरेचजण करतात. बंध उघडे राहिले तर दोन आठवड्यांत वळण वेडंवाकडं होतं आणि केस सुतासारखा तुटू लागतो. पहिले दोन-तीन दिवस धुणं, बांधणं, कानामागे खोचणं टाळा.

निकाल हवा त्यापेक्षा घट्ट निघाला तर तो चांगला निकाल आहे, पुढे सैल करता येतो. पण लगेच नाही. किमान तीन महिने आणि पुन्हा बटेची चाचणी करूनच. जास्त सरळ झालं तर त्यावर इलाज नाही, तो भाग वाढून कापायचा. म्हणून कुठल्याही शंकेच्या वेळी कमी मिनिटांकडे झुका.

तुकड्यातुकड्याने वेगळं वळण आलं असेल, समजा माथा फुगलेला आणि बाजू सपाट, तर पुढच्या वेळी माथ्याला दोन मिनिटं जास्त द्यायची एवढी नोंद करा. ही नोंद नसेल तर दुसऱ्या टचअपला सगळं पुन्हा शून्यापासून. वहीत किंवा फोनमध्ये लिहून ठेवा: क्रीमचं नाव आणि ताकद, महिना, कुठल्या भागाला किती मिनिटं, आधीचं आणि नंतरचं आक्रसणं. पार्लरमधली बाई बदलली तरी ही नोंद तुमच्याकडे राहते.

पुढचं टचअप सहा-आठ महिन्यांनी, पुन्हा सात-आठ सेंटीमीटर वाढ आल्यावर. दर वेळी क्रीम जुन्या निम्म्या भागावर एखादा सेंटीमीटरही चढत गेलं तर तो पट्टा सरळ होतो आणि केसात वळण-सरळ-वळण असे आडवे पट्टे दिसतात, म्हणून त्या भागालाही कंडिशनर आणि फॉइलचं संरक्षण हवंच. आणि दर ठरवताना आधीच बोलून घ्या: काम फक्त दहा सेंटीमीटर मुळांचं आहे, पूर्ण लांबीचं नाही. कमरेपर्यंतच्या केसांचा पूर्ण दर लावला गेला की ते क्रीम कुठेतरी वापरायचं म्हणून खाली ओढलं जातं, आणि जे टाळायचं होतं तेच होतं.